नाईन बॉलमधली पोरं, जुने उस्ताद आणि आमच्या मामाचा अंगठा

आगबोट

नमस्कार मंडळी. बावीस वर्षं जहाजावर आहे, इंजिनरूमला. घर गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. गेल्या आठवड्यात साइन ऑफ करून आलो आणि आल्या आल्या जे बघितलं त्यावरून हा धागा काढतोय. इथे पूल (बिलियर्ड्ससारखा, टेबलावर काठीने बॉल मारायचा खेळ; नाईन बॉल हा त्यातलाच प्रकार) खेळणारे किती आहेत ठाऊक नाही, पण कॅरमवाले भरपूर आहेत, म्हणून समजून घ्याल अशी खात्री आहे.

डोलत्या बोटीवर पूलचं टेबल ठेवता येत नाही. पण बंदराला लागलं की सीमेन्स क्लबात एक तरी टेबल असतंच. फिलिपिनो क्रू आधी घरी फोन लावतो आणि फोन ठेवला की काठी उचलतो. माझ्या पहिल्या बोटीवरचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा म्होरक्या, तिकडचाच. त्याच्या केबिनच्या दारामागे दोन चित्रं होती, एक येशूचं आणि एक त्यांचा पूलचा उस्ताद एफ्रेन रेयेस याचं. रेयेसला ते 'बाटा' म्हणतात, म्हणजे त्यांच्या भाषेत पोरगा. हॉलमध्ये त्याच्याहून मोठा आणखी एक एफ्रेन होता म्हणून हा लहान तो बाटा झाला. मनिलात काकाच्या बिलियर्ड्स हॉलमध्ये वाढला. टेबलापर्यंत हात पोचत नव्हता तेव्हा कोकच्या खोक्यांवर उभा राहून खेळायचा आणि रात्री टेबलावरच झोपायचा. १९९४ साली नाईन बॉलची यूएस ओपन जिंकणारा तो पहिला बिगरअमेरिकन. १९९६ ला हाँगकाँगमध्ये अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडबरोबर त्याची आधी १२० रॅक (रॅक म्हणजे एक डाव) कोण जिंकतो अशी शर्यत लागली होती, तीन दिवस चालली. बाटा मागे होता, शेवटी १२०-११७ ने जिंकला. बोसन ही गोष्ट सांगताना रॅक न् रॅक हातांनी दाखवायचा.

आता गेल्या काही वर्षांतलं बघा. २०१८ ला दोह्यात जर्मनीचा जोशुआ फिलर २१ व्या वर्षी नाईन बॉलचा जगज्जेता. पुढच्याच वर्षी तिथेच फेडर गोर्स्ट, वय १९. मॉस्कोत जन्मलेला, आता अमेरिकेकडून खेळतो. २०२४ ला जेद्दाहमध्ये त्याने पुन्हा जिंकलं, एकलेंट काचीला १५-१४ ने हरवून. या पोरांचा खेळ बघताना वाटतं की ह्यांना टेबलावर अडचण दिसतच नाही. जिथे जुने लोक थांबून, खडू लावून, टेबलाला एक फेरी मारून विचार करायचे, तिथे फिलर दोन पावलं टाकतो आणि बॉल आत.

सगळे म्हणतात वय झालं की हात थरथरतो, नजर जाते. मला हे पुरतं पटत नाही. त्याला कारण आमचा मामा.

मामा पंचक्रोशीतला कॅरमचा बाप माणूस. बेसलाइनच्या मागे राहिलेली सोंगटी अंगठ्याने असा काढायचा की समोरचा खुर्ची मागे सरकवून बघायचा. उजव्या अंगठ्याच्या नखाखाली बोरिक पावडरची पांढरी रेघ कायमची. गणपतीत मांडवात तारेवर शंभरचा दिवा टांगलेला असायचा, त्या दिव्याखाली तीस वर्षं त्याला कोणी हलवलं नाही. गेल्या गणपतीत त्याच्या धाकट्या भावाच्या नातवाने, वय वर्षं पंधरा, त्याला २५-९ आणि २५-१४ असं सरळ दोन गेममध्ये काढलं. तेव्हा मी जहाजावर होतो, मला फोनवर कळलं. मामा त्यानंतर बोर्डाजवळ गेलेला नाही. बोर्ड माळ्यावर आहे.

मामाचा हात थरथरत नाही. परवा माझ्यासमोर सुईत दोरा ओवून जाळं शिवत बसला होता. मग काय झालं?

सुरंगी

वाचतेय. मामांबद्दल वाचून पोटात तुटलं. अजून लिहा.

राणीकव्हर

रत्नागिरीहून. मी कॉलेजात असताना राज्य पातळीपर्यंत कॅरम खेळले आहे, आता मुलींना शिकवते.

आगबोट, हे फक्त पूलमध्ये नाही. २०२४ साली अमेरिकेत कॅरमचा विश्वचषक झाला, तिथे चेन्नईची काझिमा तीन सुवर्णपदकं घेऊन आली. वय १७, वडील रिक्षा चालवतात. त्याच चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना १९९६ ला अर्जुन पुरस्कार मिळाला. कॅरमपटूला अर्जुन मिळतो हे आम्हाला तेव्हा कळलं आणि घरच्यांनी बोर्ड माळ्यावर टाकायची भाषा बंद केली. ती पिढी आणि ही पिढी यांच्यातला फरक मी रोज डोळ्यांनी बघते.

माझ्याकडे येणारी बारा वर्षांची मुलगी पहिल्या दिवशी व्हाइट स्लॅम (ब्रेक करणाऱ्याने पहिल्याच पाळीत सगळ्या पांढऱ्या सोंगट्या काढणं) म्हणजे काय ते विचारत नाही. तिने तो शंभर वेळा पाहिलेला असतो. मी तिच्या वयाची असताना आयुष्यात एकदाच स्लॅम पाहिला होता, तोही कोणाच्या तरी खांद्यावरून, अर्धाच. ही मुलगी ब्रेकनंतर सोंगट्या कशा पसरतात ते मोबाईलवर मागे-पुढे करून बघते. कोणती सोंगटी आधी, कोणती राणीला कव्हर म्हणून राखायची, हे तिच्या डोक्यात चित्रासारखं बसलेलं असतं. हात नंतर येतो. आमचं उलट होतं, हात आधी आणि समज वीस वर्षांनी.

मामांना नमस्कार सांगा. बोर्ड माळ्यावर असेल तर तिथेच राहू दे, चुलीच्या धुराने कोरडा राहतो. पावसात खाली आणलात तर कडा फुगतील.

मालवणी गजाल

गजाल बरी काढलास. पण माका एक सांगूचा हा. नजर जाता ती जाताच, तेका इलाज नाय. माझा वय आता बावन. मालवणात मित्राच्या हॉटेलाच्या मागे एक पूलचा टेबल हा, थय मी रोज खेळतंय. चाळीशीनंतर चष्मो लागलो. आता काठीवर वाकलंय की डोळो चष्म्याच्या वरच्या काडीतसून बघता आणि थयच सगळा धूसर जाता. बॉलाची कड दिसाक व्हयी, नायतर कट कसो मारतलास?

मराठीत लिहितो आता, सगळ्यांना कळायला पाहिजे. स्नूकरमध्ये डेनिस टेलरने १९८५ ला जगज्जेतेपद जिंकलं तो उलटा घातल्यासारखा दिसणारा मोठा चष्मा लावून. तो चष्मा खास वाकून बघण्यासाठी बनवलेला होता. म्हणजे ही अडचण खरी आहे, कोणी मनाने काढलेली नाही. मामांची नजर तपासली का? सुईत दोरा जवळून ओवतात. बोर्डाचा पलीकडचा कोपरा हातभर लांब असतो. ही दोन वेगळी अंतरं आहेत.

काठी आणि चॉक

चिपळूणचा, आता पुण्यात. टेबलं बसवण्याचं आणि कापड बदलण्याचं काम करतो, त्यामुळे थोडं लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

वय, नजर हे आहेच. पण खेळच बदललाय हे कोणी बोलत नाही. नाईन बॉलमध्ये सगळ्यात लहान आकड्याचा बॉल आधी लागला पाहिजे आणि नऊ नंबर नियमात पडला की रॅक तुमचा. म्हणजे ब्रेकवर, रॅक फोडायच्या पहिल्या माराला, एक बॉल पडला आणि पांढरा बॉल टेबलाच्या मध्यावर थांबला तर चांगला खेळाडू समोरच्याला खुर्चीवरून उठू देत नाही. पूर्वी लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या त्रिकोणात बॉल लावायचे, दोन बॉलांमध्ये केसाइतकी फट राहायची आणि दर वेळी ब्रेक वेगळा फुटायचा. आता भोकं पाडलेली पातळ प्लॅस्टिकची पट्टी असते, टेम्प्लेट. तिच्यावर बॉल ठेवले की दर वेळी तोच रॅक, घट्ट. दर वेळी तोच रॅक असेल तर ब्रेकचा अभ्यास करता येतो. काही पोरं दिवसाचे तास न् तास फक्त ब्रेक मारतात. अमेरिकेचा शेन व्हॅन बोएनिंग यातला पहिला मोठा माणूस, म्हणून तर पाच यूएस ओपन जिंकला. त्याला जन्मापासून ऐकू कमी येतं. लहानपणापासून टेबलाशी एकटा बसायची सवय असणार, हा माझा अंदाज.

दुसरं म्हणजे काठी. जुन्या काठीचा पुढचा भाग मेपल लाकडाचा. आपल्या हवेत, जूनमध्ये, ते लाकूड हाताला चिकटतं, फुगतं, कधी वाकतंसुद्धा. मी चिपळूणला शिकलो तेव्हा आम्ही बोटांना टाल्कम लावून खेळायचो आणि ती पावडर टेबलावर सांडून कापड खराब व्हायचं. गेली आठ-दहा वर्षं कार्बन फायबरचे शाफ्ट आलेत. पाऊस असो, उकाडा असो, काठी तशीच. बाजूला इंग्लिश, म्हणजे फिरकी, दिलं तरी पांढरा बॉल रेषेवरून कमी हटतो. जुन्या खेळाडूने तीस वर्षं लाकडी काठीच्या त्या हटण्याचा हिशोब हातात बसवलेला असतो. नवी काठी घेतली की तो हिशोब त्याच्या अंगावर येतो. पोराला मुळात तो हिशोबच शिकायचा नसतो.

तिसरं, कापड पूर्वीपेक्षा खूप वेगवान झालंय आणि मोठ्या स्पर्धांत पॉकेट चार इंचाचे करतात. बॉल सव्वा दोन इंचाचा. चुकायला जागाच नाही. अशा टेबलावर रेयेससारखा जादूचा किक शॉट (पांढरा बॉल आधी कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, लावून मग बॉलाला मारायचा) वर्षातून एकदा लागतो, सरळ मार मात्र रोज लागतो.

आणि तरी सांगतो, १९९५ ला रिनोमध्ये स्ट्रिकलंडविरुद्ध रेयेसने पाच नंबरला मारलेला दोन कुशनचा तो किक आजही प्रत्येक पोर बघतं. मीही आठवड्यातून एकदा बघतो.

चाकरमानी

काठी आणि चॉक, उत्तम प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

पण धाग्याच्या मूळ मुद्द्यालाच माझी हरकत आहे. जुने संपले असं कोण म्हणतं? २०२५ ला जेद्दाहमध्ये अंतिम सामन्यात गोर्स्टसमोर कोण होता? फिलिपिन्सचा कार्लो बियाडो. वय ४१. १५-१३ ने जिंकला. हा माणूस आधी गोल्फच्या मैदानात कॅडी होता, लोकांच्या पिशव्या वाहायचा. २०२४ ला महिलांच्या नाईन बॉलमध्ये रुबिलेन अमित जगज्जेती, चाळिशी ओलांडलेली. व्हॅन बोएनिंगला पहिलं जागतिक विजेतेपद २०२२ ला मिळालं, ३८ व्या वर्षी. उलट १६ वर्षांचा वू जिया-चिंग २००५ मध्येच जगज्जेता झालेला आहे, म्हणजे पोरं जिंकतात हेही काही आजचं नाही. रेयेस स्वतः २०२२ च्या आग्नेय आशियाई खेळांत ६७ व्या वर्षी कॅरम बिलियर्ड्समध्ये (आपला कॅरम नव्हे, पॉकेट नसलेल्या टेबलावरचं बिलियर्ड्स) कांस्यपदक घेऊन आला.

आम्ही गिरगावात लहानपणी बिलियर्ड्सबद्दल ऐकायचो. विल्सन जोन्स १९५८ ला कोलकात्यात जागतिक हौशी विजेते झाले, हे वडील सांगायचे. पण ते टेबल जिमखान्यात. दाराच्या आत कोण सोडणार? आपलं टेबल म्हणजे कॅरम बोर्ड, चाळीच्या जिन्याखाली आणि गावाला पडवीत. मला वाटतं आगबोट यांच्या मामांचं दुखणं वयाचं नाहीच. तीस वर्षं पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा कोणी नव्हता. ज्याला हरायची सवय नाही त्याला पहिली हार फार लागते. बियाडो आयुष्यभर हरत हरत आलाय.

आगबोट

चाकरमानी, बियाडोचं मान्य. मी धाग्यात एकाच बाजूने लिहिलं, ते चुकलं. हरण्याच्या सवयीवरून फिलिपिन्सचाच फ्रान्सिस्को बुस्तामांते आठवला. २००२ ला कार्डिफला जागतिक स्पर्धा चालू असताना त्याची लहानगी मुलगी वारली. तो खेळत राहिला, अंतिम फेरीत स्ट्रिकलंडकडून १७-१५ ने हरला. २०१० ला, ४६ व्या वर्षी, दोह्यात जिंकला. आमचा बोसन हे सांगताना दुसरीकडे बघायचा.

मालवणी गजाल, मामाची नजर तपासून घेतली. लांबचं स्वच्छ दिसतं, जवळचा नंबर आहे. सुईसाठी चष्मा लावतो, मी नीट पाहिलं नव्हतं. म्हणजे बोर्डाचा कोपरा त्याला दिसतो.

राणीकव्हर, तुमचं 'हात आधी आणि समज वीस वर्षांनी' हे वाचून दोन दिवस तेच डोक्यात आहे. बाटा ज्या हॉलमध्ये शिकला तिथे शिकायचं म्हणजे पैसे लावून हरायचं. ज्याला येत होतं तो ते लपवून ठेवायचा, कारण त्याच्यावर त्याचं पोट होतं. मामाचंही तसंच. तो अंगठा कसा मारतो ते त्याने कोणाला सांगितलं नाही. मी लहानपणी विचारलं तर म्हणाला, बघ आणि शीक. पण बघायला मिळायचं वर्षातून पाच दिवस, गणपतीत, तेही गर्दीतून. त्या पंधरा वर्षांच्या पोराने मामाचा अंगठा मामाकडून घेतलेलाच नाही. कुठल्यातरी तमिळ मुलाच्या व्हिडिओवरून घेतलाय.

पडवी

दापोलीजवळ शाळेत शिकवतो. एक गोष्ट राहून गेली.

आपल्याकडे मधली पिढीच गावात नाही. बारावी झाली की मुंबई, नाहीतर पुणे, नाहीतर आगबोट यांच्यासारखं जहाज. त्यामुळे वाडीत खेळायला उरतात पंधराची मुलं आणि साठीचे म्हातारे. मामा पन्नाशीत असताना तीस-पस्तिशीच्या तीन-चार चांगल्या खेळाडूंशी रोज खेळले असते तर त्यांना बदलता तरी आलं असतं. एखादा गेम गेला असता, चिडले असते, पुन्हा बसले असते. ते सगळे विरार-नालासोपाऱ्यात होते. गणपतीत येऊन मामांकडून हरायचे आणि परत जायचे. तीस वर्षं मामा एकाच उंचीवर उभे राहिले, आणि मग एकदम मधल्या पायऱ्याच नसलेलं एक पोर आलं.

आमच्या शाळेत दोन बोर्ड आहेत. मधल्या सुट्टीत रांग लागते. मुलांचा स्ट्रायकर धरायचा हातच वेगळा आहे, कातरीसारखी पकड, मनगट टेकलेलं. कोणी शिकवलं म्हणून विचारलं तर कोणाचंच नाव सांगता येत नाही त्यांना.

सुरंगी

पडवी, 'मधल्या पायऱ्या' अगदी बरोबर. माझ्या सासरी भजनी मंडळाचंही हेच झालंय. पखवाज वाजवणारे आजोबा आहेत आणि त्यांचा नातू आहे, मध्ये कोणी नाही. (अवांतर, पण राहवलं नाही.)

आगबोट

काल बोर्ड खाली उतरवला. राणीकव्हर, तुम्ही नको म्हणालात, पण आठ दिवस उघडीप आहे म्हणून धीर केला. कडा ठीक आहेत, एका पॉकेटची जाळी उंदराने खाल्ली होती ती मामानेच शिवून दिली. जाळी शिवायला बसला तेव्हाच मला वाटलं की आज बसेल.

पोराला आधीच बोलावून ठेवलं होतं. तो आला आणि आधी मामाच्या पाया पडला. मी ओटीवरच्या खांबाला मोबाईल बांधला, दोघांचे हात दिसतील असा. मामा म्हणाला, हे कशाला? पोरगा म्हणाला, आजोबा, मी रोज करतो, नंतर बघायला.

पहिला गेम पोराने २५-१७ ने घेतला. चौथ्या बोर्डाला मामाने अंगठ्याने मागची काळी काढली, तोच जुना शॉट, आणि पोरगा उठून उभा राहिला. पण राणी त्याच पोराने घेऊन कव्हर केली.

खेळ झाल्यावर पोराने मोबाईल सोडला आणि मामाच्या हातात दिला. मामाने चष्मा लावला. पडद्यावर तो स्वतः वाकलेला, दिव्याखाली, टक्कल चमकतंय. मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "माझं कोपर बघ कसं उठतंय." लांबच्या पॉकेटला मारताना त्याचं कोपर बरगडीपासून सुटतं आणि स्ट्रायकर डावीकडे सरकतो. अंगठ्याच्या शॉटला कोपर आपोआप अंगाशी राहतं, म्हणून तो शॉट अजून तसाच्या तसा आहे. हे मामाला माहीत नव्हतं. साठ वर्षांच्या खेळात त्याने स्वतःचा हात बाहेरून कधी पाहिलाच नव्हता.

मंडळी, मला जे म्हणायचं होतं ते हेच, पण धागा काढताना मला ते सापडलं नव्हतं. रेयेस, स्ट्रिकलंड, मामा, या लोकांना खेळताना जगाने बघितलं. त्यांनी स्वतःला बघितलं नाही. गोर्स्ट आणि फिलर यांच्या पिढीची पोरं, मला वाटतं, लहान असल्यापासून स्वतःला बघत आलीत. चूक झाली की त्यांना ती त्याच संध्याकाळी दिसते. मामाला दिसायला ती एवढी वर्षं लागली.

पोराने मामाला विचारलं, तुमचा अंगठा पुन्हा मारून दाखवता का, मला जवळून घ्यायचाय. मामाने सातदा मारून दाखवला. पाच पडले.

मालवणी गजाल

सातात पाच! त्या वयात! मामांका माझो नमस्कार सांग. पुढच्या खेपेक मालवणात घेवन ये, टेबलार बसवतंय तेंका.

राणीकव्हर

आगबोट, वाचून डोळे भरले. एक सुचवते. खांबाला बांधलेला मोबाईल वरून बघतो, त्यात मनगट दिसतं पण कोपराची उंची नीट कळत नाही. पुढच्या वेळी बोर्डाच्या पातळीला, मामांच्या उजव्या हाताच्या बाजूला, तीन-चार फुटांवर स्टुलावर ठेवा. मागे पांढरा पंचा टांगा, म्हणजे हात स्पष्ट दिसेल. दिवा मध्यावर घ्या, नाहीतर स्ट्रायकरवर सावली पडते. आणि अंगठ्याचा शॉट घेताना स्लो मोशन लावायला विसरू नका. नखाची कड स्ट्रायकरला कुठे लागते ते मला बघायचं आहे, माझ्या मुलींनाही दाखवायचं आहे. मामांची परवानगी असेल तरच.

आगबोट

विचारलं. म्हणाला, दाखव, पण आधी पंचा धुऊन घ्या.